चार रुपयांचा गोलंदाज आणि श्रीमंतांचा चषक

परवा पेणजवळच्या रामवाडीला एसटीची वाट पाहत उभा होतो. शेजारी कॉलेजात जाणारी दोन पोरे मोबाईलवर इंग्लंडच्या फुटबॉलचे निकाल पाहत तावातावाने बोलत होती. एकाचा आवडता क्लब साधाच होता. दुसरा त्याला समजावत होता की, मोठ्या क्लबांनी खेळाडूंच्या खरेदीवर कोट्यवधी पौंड ओतले आहेत, तेव्हा विजेतेपदाचे स्वप्न पाहूच नकोस. पहिल्याने लगेच २०१६ सालच्या लेस्टर सिटीचे उदाहरण दिले. थोड्या वेळाने बोलणे गावच्या टेनिस क्रिकेटवर घसरले. भातकापणी झाली की आपल्या रायगडात शेताशेतांत खेळपट्ट्या तयार होतात आणि रोख बक्षिसांच्या स्पर्धा लागतात. ज्या संघाच्या पाठीशी जमिनीचा पैसा किंवा एखादा पुढारी असतो, तो बाहेरून नामांकित खेळाडू आणतो. वाडीतल्या पोरांकडे मात्र टी-शर्ट छापण्याइतकेही पैसे नसतात. पैशावाल्यांपुढे आपला टिकाव लागेल का, हाच त्या पोरांचा खरा प्रश्न होता.

गाडी आली, पोरे निघून गेली, प्रश्न मात्र डोक्यात राहिला. याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. गरिबाचा संघ श्रीमंताला हरवू शकतो. पण त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जिंकल्यावर चषक कोणाच्या कपाटात जातो? कर्णधार कोण होतो? संघ निवडणाऱ्या कमिटीत कोण बसतो? या सगळ्या प्रश्नांची उत्तरे एका माणसाच्या आयुष्यात सापडतात. तो माणूस म्हणजे पालवणकर बाळू. आपल्या समाजातील अनेकांना हे नाव ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकी काहींना ते घ्यायला संकोच वाटतो. त्या संकोचाचे कारणही पुढे येईलच.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. जातीने चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. वडील लष्करी खात्याच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्याकडे आले. आंबेडकरी वाचकाला इथे वेगळे सांगायला नको की, इंग्रजांचे लष्कर ही त्या काळी अस्पृश्यांना माणूसपणाची चुणूक दाखवणारी एकमेव जागा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजीही लष्करातलेच. पुण्याच्या छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. शाळा फार झाली नाही. घर चालवायला पैसे हवे होते.

म्हणून बाळू पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात मैदानाच्या कामाला लागले. पगार महिना तीन रुपये. खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचा, असे ते काम. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात गेले. पगारात एका रुपयाची वाढ होऊन तो चार रुपये झाला. तिथे जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे हे काम होतेच. पण एका इंग्रज खेळाडूने त्यांना सरावासाठी गोलंदाजी करायला लावले आणि बाळूंच्या डाव्या हाताची करामत सगळ्यांना दिसली. जे. जी. ग्रेग हा त्या वेळचा नावाजलेला इंग्रज फलंदाज रोज इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करायचा. बाळूंनी त्याला बाद केले की दर वेळी तो आठ आणे देई, असे सांगितले जाते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. बाळूंनी त्या जिमखान्यात हजारो तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी ही साहेबांची, गोलंदाजी ही नोकराची. इंग्रजांच्या क्रिकेटातही चातुर्वर्ण्य होतेच. २००१ साली आलेल्या लगान चित्रपटातला कचरा हा बाळूंवरून बेतला आहे, असे अनेकदा म्हटले जाते. त्या चित्रपटात कचऱ्याचा हात अधू असतो आणि त्यामुळेच चेंडू वळतो. म्हणजे अस्पृश्याच्या अंगी गुण असला तरी तो अपघातानेच असायचा! बाळूंचा चेंडू अपघाताने वळत नव्हता. वर्षानुवर्षे उन्हात केलेल्या श्रमातून तो हात घडला होता. वेग बदलणे, चेंडू दोन्ही बाजूंना वळवणे, फलंदाजाची चूक हेरून ठेवणे, हे सगळे त्यांनी चार रुपये पगारावर मिळवलेले ज्ञान होते.

त्याच सुमारास पुण्याच्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांच्या जिमखान्याला हरवायचे होते. गोऱ्यांकडे उत्तम मैदान, उत्तम साहित्य आणि सत्ता होती. हिंदूंकडे यातले काहीच त्या तोडीचे नव्हते. मग आठवण झाली ती बाळूंची. त्यांना संघात घ्यायचे की नाही यावर खल झाला. ब्राह्मण खेळाडूंपैकी काहींचा विरोध होता. बाळूंना बाहेर ठेवणारे हिंदू मूर्ख ठरतील, अशा अर्थाचे मत ग्रेग यांनीच बोलून दाखवल्यावर गाडी पुढे सरकली. अखेर अक्कल धर्मावर मात करून गेली, पण ती फक्त मैदानापुरती. चेंडू बाळूंनी टाकलेला चालत होता, कारण तो चेंडू विकेट घेत होता. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हात धुवायचे असले तर पाणी घालायला अस्पृश्य नोकरच लागे. जेवायला वेगळे ताट आणि वेगळी जागा.

पुढे साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूंच्या फिरकीची धास्ती एवढी की, यजमानांनी आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी टणक करून ठेवली. तरीही बाळूंनी सात बळी घेतले. पुण्यात त्यांचा गौरव झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनी वाहवा केली. हारतुरे झाले. पण वाहवा ही एक गोष्ट आणि हक्क ही दुसरी. हार गळ्यात घालून माणूस बरोबरीचा होत नाही, हे बाळूंच्या पुढच्या आयुष्याने दाखवून दिले.

पुण्यात प्लेग आला आणि बाळूंनी मुंबई गाठली. त्या वेळच्या मुंबईचे क्रिकेट हा पैशाचा आणि प्रतिष्ठेचा मामला होता. बॉम्बे जिमखाना १८७५ चा. तिथे हिंदी माणसाला सभासद म्हणून दारही उघडत नव्हते. पारशांकडे व्यापाराचा पैसा होता. १८८६ आणि १८८८ साली त्यांचे संघ स्वखर्चाने इंग्लंडला जाऊन आले होते आणि १८९२ पासून पारशी व युरोपियन यांचे वार्षिक सामने गाजत होते. हिंदू यात मागे होते. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना उभा राहिला तोही एका शेठजींच्या देणगीवर, म्हणून तर त्याला ते लांबलचक नाव. याच जिमखान्याने बाळूंना घेतले. इथेही काही सभासदांनी नाके मुरडली. पण शेठजींचा पैसा मैदान विकत घेऊ शकतो, चेंडू वळवू शकत नाही. पुढे बाळू बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरीला लागले. तिच्या संघातूनही ते खेळले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांना १९१ आणि १०२ वर रोखले. १०९ धावांनी विजय! राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून मुंबईभर जल्लोष झाला. या विजयात बाळूंची गोलंदाजी होती, शिवरामही संघात होते. समाजसुधारकांच्या पत्रांनी स्पष्ट लिहिले की, जातीची भिंत थोडी खाली केली म्हणून हा विजय मिळाला. पुढच्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना पुन्हा हरवले. पारशी सामील झाल्याने स्पर्धा तिरंगी झाली आणि १९१२ पासून मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली.

पैसेवाले गप्प बसले असे नाही. संस्थानिकांच्या पदरी परदेशी व्यावसायिक खेळाडू राहू लागले. फ्रँक टॅरंटसारखा ऑस्ट्रेलियन अष्टपैलू युरोपियनांकडून मुंबईत खेळू लागला. १९२१ च्या सुमारास तर यॉर्कशायरचे विल्फ्रेड ऱ्होड्स आणि जॉर्ज हर्स्ट हे जगप्रसिद्ध खेळाडू युरोपियनांच्या बाजूने उतरले. आजच्या लिलावाची आणि फुटबॉलच्या खेळाडू-खरेदीची ही आजोबांची पिढीच म्हणायची. त्यांच्यासमोर हिंदूंची ताकद कोण होते? तर चर्मकार समाजातले चार भाऊ. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल.

१९११ साली अखिल हिंदी संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग. महाराजांचे लक्ष मैदानापेक्षा मेजवान्यांकडे जास्त होते. उत्तम फलंदाज मिस्त्री महाराजांच्या चाकरीत असल्यामुळे बहुतेक सामन्यांना मुकले. २३ सामन्यांपैकी १५ हरले, जिंकले फक्त ६. पण पस्तिशीतले बाळू चेंडू टाकत राहिले. दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ गडी बाद केले. एकामागून एक पराभव पत्करणाऱ्या या संघाने लेस्टरच्या कौंटीला हरवले, आणि त्या सामन्यात बाळूंचे अकरा बळी होते. रामवाडीच्या त्या पोराने ज्या लेस्टरचे नाव घेतले, तेच हे शहर. याच वर्षी जुलैमध्ये कलकत्त्याला मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असे हरवून फुटबॉलचे आयएफए शील्ड जिंकले. १९११ हे साल गोऱ्यांच्या खेळातील मक्तेदारीला दोन्हीकडून धक्का देणारे ठरले. मोहन बागानचे नाव राष्ट्राच्या इतिहासात कोरले गेले. बाळूंचे किती जणांना आठवते?

आपल्या समाजाने मात्र त्यांना डोक्यावर घेतले. इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे विशीतले भीमराव आंबेडकर बाळूंचे चाहते होते आणि त्या सत्काराशी त्यांचे नाव जोडले जाते. आपल्यातला एक माणूस साऱ्या देशात गुणांवर मोठा होऊ शकतो, हे त्या पिढीने पहिल्यांदा बाळूंच्या रूपात पाहिले. बाबासाहेब पुढे येण्यापूर्वीचे ते आपले पहिले नायक होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आता कर्णधारपदाची कहाणी. संघातला सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू कर्णधार व्हावा, हा साधा न्याय. पण १९१० पासून १९२० पर्यंत बाळूंच्या नावावर दर वर्षी काट मारली गेली. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी जाहीरपणे कबूल केले की, हा मान खरे तर बाळूंचा होता. व्यक्ती म्हणून पै प्रामाणिक होते. प्रश्न व्यक्तीचा नव्हता, निवड समितीच्या मेजाचा होता. त्या मेजाभोवती कोण बसत होते, हे सांगायला हवे काय? १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी पडले, तेव्हाही पालवणकर बंधूंना डावलून दुसऱ्याला नेमण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला आणि आपली भूमिका लोकांपुढे मांडली. क्रिकेटच्या मैदानावर अस्पृश्यांनी केलेला हा सत्याग्रहच होता. त्याची नोंद चळवळीच्या इतिहासात व्हायला हवी. दडपण आले, तडजोड झाली. अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधार केले गेले आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्यापुरते बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला आलेले नेतृत्व ते एवढेच.

१९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चषक जिंकला. ज्या भावासाठी लढा दिला त्याला पद मिळाले नाही, धाकट्याला मिळाले. विठ्ठल यांनी पुढे १९४८ साली माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते लिहिले म्हणून हा इतिहास थोडातरी उरला. आपला इतिहास आपणच लिहायचा असतो, तो याचसाठी.

बाळूंच्या मातीच्या भांड्याकडे पुन्हा एकदा वळू. त्या भांड्यातला चहा आणि महाडच्या चवदार तळ्याचे पाणी, हा एकच प्रश्न आहे. आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. बाळूंनी तीस वर्षे गुण दाखवून, विकेट घेऊन, सामने जिंकून जे मिळवण्याचा प्रयत्न केला, ते गुण दाखवून मिळत नाही, हक्क म्हणून घ्यावे लागते, हे महाडने सांगितले. याचा अर्थ बाळूंचे कष्ट वाया गेले असा नव्हे. त्यांच्या अनुभवानेच सिद्ध केले की, गुणवत्ता असली की जात आपोआप गळून पडते ही थाप आहे. आजही आरक्षणाच्या विरोधात मेरिटची पोपटपंची करणाऱ्यांना एकच विचारावे. हिंदू जिमखान्यात बाळूंपेक्षा जास्त मेरिट कोणाचे होते? मग कर्णधारपद का नाही दिले?

आता संकोचाच्या विषयाकडे येऊ. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या बाजूने नव्हते. एम. सी. राजा यांच्याबरोबर ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला उभे राहिले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नवा पक्ष, पैसा नाही, वर्तमानपत्रांची साथ नाही. समोर काँग्रेस, जिच्या पाठीशी गिरणीमालक, शेठसावकार आणि गांधींचे नाव. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने कोणाला उभे केले? पालवणकर बाळूंना!

फुटबॉलमध्ये हे नेहमी घडते. लेस्टरने २०१६ चे विजेतेपद जिंकले. त्यांचाही मालक थायलंडचा धनाढ्य उद्योगपती होता, पण इंग्लंडच्या बड्या क्लबांपुढे त्यांचा खर्च किरकोळ होता. सट्टेबाजांनी त्यांना पाच हजारास एक असा भाव दिला होता. विजेतेपदानंतर दोन-तीन महिन्यांतच चेल्सीने त्यांचा मधल्या फळीचा कणा असलेला कांते सुमारे तीन कोटी वीस लाख पौंडांना उचलला आणि पुढच्या वर्षी विजेतेपद चेल्सीकडे गेले. २०२३ साली लेस्टर वरच्या श्रेणीतूनच खाली घसरले. श्रीमंत संघ तुम्हाला मैदानात हरवू शकला नाही, तर तो तुमचा उत्तम खेळाडू आपल्या बाजूला नेतो. राजकारणातही प्रस्थापितांची हीच रीत आहे.

पण इथे बाळूंवर अन्याय करता कामा नये. ते पैशाला भुलले असे म्हणायला कोणताही आधार नाही. सवर्णांचे मन वळेल, आपण चांगले खेळलो तर ते जवळ करतील, या विश्वासावर त्यांचे सारे आयुष्य गेले होते. त्याच विश्वासाने ते राजकारणातही वागले. तो विश्वास चुकीचा होता असे आम्ही म्हणतो, पण तो विकलेला नव्हता. मुंबईच्या मतदारांनी मात्र निकाल दिला. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. परळ-भायखळ्याच्या चाळींत राहणाऱ्या कष्टकऱ्यांनी हा निकाल दिला. कोकणातून पोट भरायला मुंबईला गेलेले आपले बापजादे याच चाळींत राहत होते. त्यांच्यातल्या कित्येकांनी बाळूंच्या विकेटवर टाळ्या वाजवल्या असतील. पण मत देताना त्यांनी खेळाडूवरचे प्रेम आणि समाजाचे नेतृत्व यांत गल्लत केली नाही. हा समंजसपणा आज आपल्यात किती उरला आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. निळा झेंडा खांद्यावर घेऊन मोठा झालेला कार्यकर्ता निवडणुकीच्या तोंडावर दुसऱ्याच्या गाडीत बसलेला दिसतो, तेव्हा त्याला बाळूंचे उदाहरण देण्याचाही अधिकार नसतो. बाळूंनी निदान स्वतःच्या विश्वासापायी पराभव पत्करला होता.

४ जुलै १९५५ रोजी बाळू मुंबईत वारले. प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी एवढा हिशेब मागे राहिला. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. देशात नायडूंच्या नावाने करंडक ठेवला गेला, देवधरांच्या नावानेही ठेवला गेला, रणजींच्या नावाने तर आहेच. पालवणकर बंधूंच्या वाट्याला असा राष्ट्रीय करंडक आला नाही.

रामवाडीच्या त्या दोन पोरांना गाठता आले असते तर एवढेच सांगितले असते. पैसा मोठा असतो, पण तो अजिंक्य नसतो. चार रुपये पगाराच्या माणसाने राज्यकर्त्यांच्या संघाला धूळ चारली आहे. तेव्हा खेळा, घाम गाळा आणि जिंका. पण जिंकल्यावर टाळ्यांवर समाधान मानू नका. चषक कोणाच्या घरी जातो ते बघा, कमिटीत आपला माणूस आहे का ते विचारा, चहा कोणत्या कपात मिळतो याकडे लक्ष ठेवा. आणि आपल्या वस्तीत, विहारात, समाजमंदिरात जयंतीच्या निमित्ताने क्रिकेटची स्पर्धा भरवाल, तेव्हा उत्तम गोलंदाजाच्या बक्षिसाला पालवणकर बाळूंचे नाव द्या. बाबासाहेबांना ज्याचे कौतुक होते आणि ज्याला बाबासाहेबांनी हरवलेही, त्या माणसाचा मान राखणे आंबेडकरी समाजाला शोभणारे आहे. जिमखान्याने जे दिले नाही, ते आपण दिले पाहिजे.